ड्रायर सुरूच होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काल रात्रीपर्यंत ठणठणीत चालणारा कपडे वाळवायचा ड्रायर आज बटण दाबलं तरी हूं की चूं करत नाही. अशा वेळी मोटर जळली असं वाटणं साहजिक आहे, पण बहुतेकदा दोष त्याहून फार किरकोळ निघतो. मोटरपर्यंत पोहोचण्याआधी वीज दाराचा स्विच, थर्मल फ्यूज (मशीन फार तापलं की वाट तोडणारा तुकडा), काही मॉडेलांत बेल्टचा स्विच आणि स्टार्टचं बटण अशा एकामागून एक जोडलेल्या ठिकाणांतून जाते. जुन्या दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, तसाच हा प्रकार. म्हणून वाट कुठे तुटली हे आधी शोधायचं आणि ती मशीनने मुद्दाम तोडली आहे का, हे लगेच त्याच्यामागून. खालचे प्रश्न साधारण त्याच क्रमाने घेतले आहेत: आधी बाहेरचं, मग आतलं.

बटण दाबलं, काहीच झालं नाही. सुरुवात कुठून करू?

पॅनेलकडे बघा. एकही दिवा लागत नसेल तर वीजच मशीनपर्यंत येत नाही, किंवा येऊन तारेच्या जोडणीपाशी अडकली आहे. दिवे लागत असतील पण ड्रम फिरत नसेल तर वीज आली आहे आणि अडथळा पुढे आहे. दिवे लागून मशीन नुसतं गुणगुणत असेल तर मोटरला वीज मिळतेय पण तिला फिरता येत नाही. या तिन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. हे न बघता थेट मागचं झाकण उघडणाऱ्यांचा अर्धा दिवस फुकट जातो.

सॉकेटमध्ये वीज आहे हे कसं तपासू? टेबलदिवा लावून बघितला, तो लागला.

दिवा लागला म्हणजे वीज आहे एवढंच कळलं. ड्रायरचा भार ती जागा पेलते का, हे कळलं नाही. हीटरवर चालणारा साधा ड्रायर २,००० ते २,७०० वॉट घेतो. २३० व्होल्टवर २,५०० वॉट म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर. सॉकेटच्या आतली पकड सैल झाली असेल तर दहा वॉटचा दिवा आरामात लागतो आणि ड्रायर जोडला की वीज तुटते. त्यामुळे चाचणी घ्यायचीच तर इस्त्रीसारखं भरपूर वीज खाणारं उपकरण पाच मिनिटं लावून घ्या. नंतर प्लगच्या पिना बघा. पिना काळवंडल्या असतील, प्लास्टिक पिवळट किंवा वितळल्यासारखं दिसत असेल, तर दोष सॉकेटमध्ये आहे आणि काम इलेक्ट्रिशियनचं आहे.

एक्स्टेंशन बोर्डवरून ड्रायर चालवत असाल तर तो बोर्ड आधी काढा. बारीक तारेचा बोर्ड एवढ्या भाराला तापतो आणि व्होल्टेजही खाली आणतो. मग सुरुवातीचा जोर न मिळाल्याने मोटर अडकून पडते. ड्रायर भिंतीतल्या १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरच हवा.

एमसीबीही, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा घरातल्या विजेच्या पेटीतला स्विच, नीट बघा. कधी कधी तो उडालेला असतो पण दांडी वरवर चालू असल्यासारखी दिसते. पूर्ण खाली करून मग वर करा. उत्तर अमेरिकेत विजेवरचे मोठे ड्रायर २४० व्होल्टवर, ३० अँपिअरच्या जोड-ब्रेकरवर (एकत्र जोडलेले दोन एमसीबी) चालतात. तिथे हीटरला दोन्ही फेज, म्हणजे विजेच्या दोन्ही जिवंत तारा, लागतात आणि मोटरला फक्त एक. दोनातली एक फेज गेली तर कोणती गेली यावर लक्षण ठरतं: एक गेली तर ड्रम फिरतो पण हवा थंड येते, दुसरी गेली तर मशीन गप्प. दोन्ही वेळा ब्रेकर पूर्ण बंद करून परत लावणं हा पहिला उपाय.

सॉकेट ठीक आहे, तरी पॅनेल काळंच. आता?

प्लग काढा आणि मशीनच्या मागे जिथे वायर आत जाते तिथलं छोटं झाकण उघडा. तिथे तारा स्क्रूने आवळलेल्या असतात. स्क्रू वर्षानुवर्षं थरथरून ढिला होतो, ढिल्या जागी ठिणगी पडत राहते आणि शेवटी टर्मिनल जळतं. जळक्या वासावरूनही ओळखू येतं. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. काळी पडलेली तार कापून नवं टोक काढावं लागतं आणि टर्मिनलची पट्टी बदलावी लागते.

दिवे लागतात, कार्यक्रम निवडता येतो, पण स्टार्ट घेत नाही.

इथे बऱ्याचदा काहीच बिघडलेलं नसतं. चाइल्ड लॉक लागलं आहे का बघा. पॅनेलवर कुलुपाचं किंवा लहान मुलाच्या चेहऱ्याचं चिन्ह असतं आणि त्याखालचं बटण साधारण तीन सेकंद दाबून धरलं की लॉक निघतं. मग उशिरा सुरू होण्याची वेळ चुकून लावली गेली आहे का ते बघा. स्क्रीनवर तास दिसत असतील आणि मशीन शांत असेल तर ते वाट बघत बसलं आहे. कित्येक मॉडेलांत स्टार्ट नुसतं टेकवून चालत नाही, क्षणभर दाबून धरावं लागतं. फिरवायच्या बटणाचा जुना टायमर असेल तर त्याचं टोक दोन खुणांच्या मधोमध अडकलेलं असू शकतं. ते पुढे सरकवून एखाद्या कार्यक्रमावर नीट आणा.

हे सगळं झालं की प्लग काढून पाच मिनिटं थांबा आणि परत लावा. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल कधी कधी वीज गेल्या-आल्यावर अर्धवट अवस्थेत अडकतो, तो यातून बाहेर येतो. अर्थात हेच रोज करावं लागत असेल तर तो उपाय राहिला नाही, लक्षण झालं.

दार नीट लागतंय. तरी दाराचा स्विच तपासावा का?

जरूर. सुरू न होण्याच्या कारणांमध्ये तो अगदी वरच्या क्रमांकावर आहे. दार लावताना कान द्या, बारीक ‘टक्’ ऐकू यायला हवं. ड्रममध्ये दिवा असेल तर दार थोडं उघडून चौकटीतला स्विच बोटाने दाबा. दिवा विझला तर स्विचचा दांडा आणि त्याचा निदान एक भाग काम करतोय. विझला नाही तर संशय पक्का.

मात्र नेहमी स्विचच दोषी नसतो. दारावरचा आकडा म्हणजे खिट्टी झिजते किंवा वाकते आणि स्विचपर्यंत पोहोचतच नाही. बिजागरी सैल होऊन दार एका बाजूला लोंबतं. रबरी गॅस्केटमध्ये मोजा अडकून दार केसभर उघडं राहतं. दार हाताने दाबून धरल्यावर मशीन सुरू होत असेल तर दोष खिट्टीत किंवा बिजागरीत आहे, आणि ते स्विच बदलण्यापेक्षा सोपं काम. दार चिकटपट्टीने बांधून काम चालवणारेही असतात. दाराचा स्विच फिरता ड्रम थांबवण्यासाठी असतो, घरात लहान मूल असेल तर हा खेळ अजिबात नको.

माझ्या ड्रायरला बाहेर जाणारा पाइप नाही, पाण्याची टाकी आहे. तिचा संबंध असू शकतो का?

हो. कंडेन्सर आणि हीट पंप ड्रायर कपड्यांतली वाफ गार करून तिचं पाणी करतात आणि ते टाकीत जमवतात. टाकी भरली किंवा नीट आत बसली नाही तर मशीन थांबतं आणि थेंबाचं चिन्ह दाखवतं. टाकी रिकामी करूनही चिन्ह जात नसेल तर खालच्या खड्ड्यातला तरंगता स्विच अडकलेला असतो. त्या खड्ड्यात पाण्याबरोबर कपड्यांची लव येते आणि तिचा चिखल होतो. पंपाचा पंखाही त्याच चिखलाने बसतो. प्लग काढून खालचं झाकण उघडा, कंडेन्सर बाहेर काढता येत असेल तर तो नळाखाली उलट दिशेने धुवा आणि खड्डा ओल्या फडक्याने पुसून घ्या. हीट पंपच्या काही मॉडेलांत कंडेन्सर बाहेर निघत नाही. त्याची पातळ पाती मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेनेच साफ करायची, आडवा ब्रश मारला तर ती वाकतात.

बटण दाबलं की नुसता ‘हूं’ असा आवाज येतो आणि ड्रम हलत नाही.

लगेच बंद करा. मोटरला वीज मिळते आहे पण ती फिरत नाही, अशा स्थितीत वाइंडिंग, म्हणजे तिच्यातल्या तारांचं वेटोळं, झपाट्याने तापतं. पुन्हा पुन्हा बटण दाबून बघण्यात चांगली मोटरही जाते.

प्लग काढा, दार उघडा आणि ड्रम हाताने फिरवून बघा. थोडा प्रतिकार जाणवून तो फिरायला हवा. अजिबात फिरत नसेल तर कुठेतरी अडकलंय: ड्रम आणि पुढच्या कडेच्या मध्ये नाणं, ब्राची तार, छोटा मोजा, किंवा खालचा एखादा रोलर जाम झालाय. लव अडवणारी गाळणी न लावता मशीन चालवलं गेलं असेल तर पंख्यात कापड जाऊन बसलेलं असतं, तेही बघा.

ड्रम नीट फिरतोय आणि तरी मोटर गुणगुणते, तर संशय सुरुवातीच्या जोराकडे वळतो. युरोपीय धाटणीच्या ड्रायरमध्ये मोटरला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सुरुवातीला जोर देणारा छोटा डबा, जोडलेला असतो. तो कमजोर झाला की मोटरला पहिला धक्का मिळत नाही. फुगलेला किंवा गळलेला कपॅसिटर डोळ्यांनीच कळतो. चांगला दिसणारा मात्र कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) मोजणाऱ्या मल्टिमीटरवर, म्हणजे विजेची वेगवेगळी मापं घेणाऱ्या छोट्या यंत्रावर, तपासावा लागतो. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्यापेक्षा वाचन बरंच खाली असेल तर तो बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तेच हवेत आणि व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. आणि हात लावण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. तो कसा उतरवायचा हे माहीत नसेल तर हे काम मेकॅनिकवर सोपवा.

अमेरिकी धाटणीच्या मोटरवर कपॅसिटरऐवजी बहुधा सेंट्रिफ्यूगल स्विच असतो. मोटरने वेग धरला की तो सुरुवातीचं वाइंडिंग बाजूला काढतो आणि त्याच हालचालीत हीटरची वाट जोडतो. म्हणजे मोटर फिरल्याशिवाय हीटर पेटतच नाही. ही रचना मला फार आवडते, कारण इथे सुरक्षा कुठल्या प्रोग्रॅमवर अवलंबून नाही, शुद्ध यांत्रिक आहे. त्या स्विचच्या टोकांवर लव किंवा काजळी बसली की मोटर अशीच गुणगुणत राहते.

ड्रम एका बोटाने गरगर फिरतो. हे चांगलं लक्षण ना?

नाही, बेल्ट तुटला आहे. ड्रमभोवतीचा पट्टा मोटरच्या पुलीला जोडलेला असतो म्हणूनच हाताने फिरवताना थोडा जोर लागतो. काही मशीनमध्ये बेल्ट तुटला की मोटर चालू राहते आणि ड्रम नुसता उभा असतो. काहींमध्ये बेल्टच्या ताणाखाली एक छोटा स्विच दाबलेला असतो. पट्टा सुटला की तो उघडतो आणि मोटर सुरूच होत नाही. अशा वेळी लोक फ्यूज, बोर्ड, सगळं तपासून थकतात आणि बेल्टकडे शेवटी बघतात.

बेल्ट बदलताना ताण देणारी पुली हाताने फिरवून बघा. ती खरखरत असेल किंवा एका बाजूला झिजली असेल तर नवा बेल्टही तीच खाईल.

थर्मल फ्यूज म्हणजे काय? तो गेला हे कसं कळेल?

हवेच्या वाटेवर, बऱ्याच मॉडेलांत पंख्याच्या घरट्यावर, पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकचा दोन टोकांचा छोटा तुकडा असतो. ठरलेल्या तापमानाच्या वर हवा गेली की तो आतून कायमचा तुटतो. कोणत्या तापमानाला, ते बहुतेकदा त्याच्यावरच छापलेलं असतं. काही मॉडेलांत तो फक्त हीटर तोडतो, मग ड्रम फिरतो पण कपडे ओलेच. काहींत तो मोटरच्याच वाटेवर असतो, मग मशीन पूर्ण गप्प.

त्याचे दोन भाऊबंद आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. साधा थर्मोस्टॅट चालताना सतत उघडतो-मिटतो, तापमान राखणं हे त्याचं रोजचं काम. दुसरा हाताने रीसेट करायचा. काही युरोपीय मॉडेलांत मागच्या बाजूला छोटं, बऱ्याचदा लाल बटण असतं, गार झाल्यावर ते दाबलं की ‘टक्’ होऊन वाट पुन्हा जोडली जाते. फ्यूजला असं काही बटण नसतं. गेला की गेला.

तपासणी सोपी आहे. प्लग काढा, फ्यूजच्या तारा सोडवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून दोन्ही टोकांना लावा. बीप आली, वाचन शून्य ओमच्या आसपास, तर फ्यूज ठीक. बीप नाही तर तो गेलाय.

यापुढे मात्र बहुतेक जण चुकतात. फ्यूज बदलला, मशीन चालू झालं, आनंदीआनंद. आणि काही आठवड्यांनी फ्यूज पुन्हा जातो. मुळात तो गेला कारण हवा नको तितकी तापली, आणि ती तापली कारण तिला बाहेर जायला जागा नव्हती. बाहेरचा पाइप लवेने भरलेला, मशीन भिंतीला चिकटवल्याने पाइप चेपलेला, किंवा बाहेरची झडप पक्ष्याच्या घरट्याने बंद. ही वाट मोकळी केल्याशिवाय नवा फ्यूज घालू नका. वाट मोकळी असूनही फ्यूज जात असेल तर थर्मोस्टॅट चिकटून बसलाय किंवा हीटरची कॉइल तुटून धातूला टेकली आहे.

घाईचं काम आहे. तात्पुरती तार जोडून फ्यूज टाळता येईल का?

नाही. शोधण्यासाठी म्हणूनही नाही, मीटर तेच काम दहा सेकंदांत करतं. त्या तुकड्यामागे एकच कारण आहे: लव पेटू नये. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा जो आढावा घेतला, त्यात तिथल्या घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला अंदाजे २,९०० आगी लागत होत्या आणि सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हे होतं, ३४ टक्के. कपडे दोरीवर वाळत घाला, एक दिवस काही बिघडत नाही.

बाहेरचा पाइप कसा असावा?

गुळगुळीत आतल्या बाजूचा, कडक धातूचा, साधारण ४ इंच व्यासाचा आणि जमेल तितका आखूड. प्लास्टिकचा वळ्यावळ्यांचा पाइप स्वस्त आणि सोयीचा दिसतो, पण प्रत्येक वळीत लव साठते आणि तो स्वतः पेटतो. अमेरिकी निवासी बांधकाम संहितेत लांबीची मर्यादा सर्वसाधारणपणे ३५ फूट आहे आणि नेहमीच्या काटकोनी वळणामागे ५ फूट वजा धरतात. यावरून वळण किती महाग पडतं याचा अंदाज येईल. जोडांवर आत टोक जाणारे स्क्रू लावू नका, त्या टोकांवर लव अडकून गुंता वाढत जातो. मशीन चालू असताना बाहेर जाऊन झडपेसमोर हात धरा. जोरकस गरम झोत यायला हवा.

मल्टिमीटर कधी वापरला नाही. घरी काय काय तपासता येईल?

दाराचा स्विच, थर्मल फ्यूज, बेल्टचा स्विच, स्टार्टचं बटण. चारही ठिकाणी प्रश्न एकच: मिटल्यावर वाट जोडली जाते का. प्लग काढलेला, निदान एक तार सोडवलेली. तार न सोडवता मोजलं तर वीज दुसऱ्याच वाटेने फिरून येते आणि मीटर खोटं सांगतं. दाराचा स्विच दाबून बीप, सोडल्यावर शांतता. स्टार्टचं बटणही तसंच. तारा काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणती तार कुठली हे लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही.

चालू विजेवर मोजमाप करू नका, ते शिकलेल्या माणसाचं काम. पत्र्याच्या कडाही धारदार असतात, जाड हातमोजे घाला.

स्टार्ट दाबताच वीज जाते.

काय उडतं ते बघा. एमसीबी क्षणात उडत असेल तर शॉर्ट आहे: चेपलेली वायर, जळलेलं टर्मिनल, मोटर. आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की ती तोडणारा पेटीतला स्विच, उडत असेल तर वीज मशीनच्या पत्र्याकडे गळते आहे. घरात बसवलेला आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअर गळतीला तुटतो, त्यामुळे थोडासा ओलावाही पुरतो. हीटरच्या आवरणात दमटपणा शिरला की हे होतं, विशेषतः मशीन बरेच महिने बंद असेल तेव्हा. पॅनेल चालतं, ड्रम चालतो आणि हीटर जोडला जाण्याच्या क्षणी आरसीसीबी उडतो, असा क्रम असेल तर हीटरच. पुन्हा पुन्हा वर करून ‘बसतोय का’ बघू नका. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मशीन वापरणं त्याच क्षणी थांबवा.

सुरू होतो, थोड्या वेळाने बंद पडतो, आणि अर्ध्या तासाने परत सुरू होतो.

मोटरमध्ये स्वतःचा संरक्षक असतो, तो गरम झाला की तुटतो आणि गार झाल्यावर आपोआप जुळतो. म्हणजे मोटर तापते आहे. कारण बहुधा लवेने बंद झालेली हवा, घट्ट झालेले रोलर किंवा झिजलेलं बेअरिंग. कपडे कमी करून काही दिवस निभावता येतं, पण मोटर त्यात हळूहळू संपते.

दोन-तीन मिनिटांतच थांबत असेल आणि ‘वाळले’ असं सांगत असेल तर गोष्ट वेगळी. ड्रममध्ये धातूच्या दोन पट्ट्या असतात, ओले कपडे त्यांना एकदम टेकले की मशीनला ओलावा कळतो. सुगंधी ड्रायर शीट्स (कपड्यांबरोबर ड्रममध्ये टाकायचे पातळ तुकडे) वापरल्या की त्यांवर पातळ मेणचट थर बसतो आणि मशीन फसतं. व्हिनेगर लावलेल्या कापडाने पुसून कोरडं करा. याच कारणाने रिकामं मशीन ‘ऑटो’वर चालवून चाचणी घेऊ नका, ते लगेच थांबणारच. चाचणीला मिनिटांवर चालणारा कार्यक्रम निवडा.

घर बदललं, तेव्हापासून हीट पंप ड्रायर नीट चालत नाही.

वाहतुकीत तो आडवा ठेवला होता का? त्यात फ्रिजसारखा कंप्रेसर असतो आणि आडवा केला की त्यातलं तेल नळ्यांत जातं. उभा करून काही तास, काही उत्पादक सांगतात त्याप्रमाणे पूर्ण २४ तास, थांबून मग लावायचा. थंड गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये ठेवला असेल तर खोलीचं तापमानही बघा, बऱ्याच मॉडेलांची मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सिअस असते.

गॅसवरचा ड्रायर आहे. गॅस चालू आहे, तरी सुरू होत नाही.

गॅस फक्त गरम करतो. ड्रम, पंखा आणि कंट्रोल विजेवरच चालतात, म्हणून वरचं सगळं इथेही लागू. मात्र गॅसचा वास येत असेल तर कोणताही स्विच चालू-बंद करू नका, हाताशी असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा.

वॉशिंग मशीन सेमी-ऑटोमॅटिक आहे. धुतं छान, पण ड्रायरचा टब फिरत नाही.

यात हीटर नसतो, टब वेगाने फिरून पाणी फेकतो, त्यामुळे कारणंही वेगळी. वरचं झाकण पूर्ण बंद असेल तरच मोटरला वीज मिळते. झाकणाखालचा स्विच गंजतो किंवा त्याला टेकणारा दांडा तुटतो. झाकण दाबून धरल्यावर टब फिरला तर उत्तर मिळालं. त्याच झाकणाला ब्रेकची तार जोडलेली असते. झाकण बंद झालं की ब्रेक सुटतो, उघडलं की लागतो. तार ढिली पडली तर ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि मोटर नुसती गुणगुणते.

ब्रेक सुटलेला आहे, टब हाताने मोकळा फिरतो, तरी गुणगुणणं चालूच, तर कपॅसिटर. टब हातानेही जड जातोय, तर कपडा टबाबाहेर घसरून खाली अडकला आहे, किंवा तळाचं रबरी सील फाटून पाणी शाफ्टवर गेलंय आणि तो गंजलाय. कपडा घसरू नये म्हणून आतलं जाळीदार झाकण मिळतं. ते कुठेतरी कोपऱ्यात पडलेलं असतं, ते शोधून वापरायला लागा. आणि अडकलेला टब झाकणाचा स्विच फसवून, हाताने ढकलून सुरू करायचा प्रयत्न करू नका. त्या वेगात बोटं राहत नाहीत.

कंट्रोल बोर्ड गेलाय असं मेकॅनिक म्हणतो. खरं असेल का?

असू शकतं, पण माझ्या मते बोर्ड हा शेवटचा संशयित. मशीनमधल्या महागड्या भागांपैकी तो एक, आणि दाराचा स्विच न तपासता तो बदलायला सांगणारे भेटतात. त्यांना एकच विचारा: दाराचा स्विच, फ्यूज आणि बेल्टचा स्विच मीटरवर मोजले का, आणि वाचन काय आलं? नीट काम करणारा माणूस या प्रश्नाने चिडत नाही. बोर्डवरचे कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवल्यावरही काही मशीन जागी होतात. बोर्डवर जळाल्याचा डाग किंवा फुगलेला भाग दिसत असेल तर मग वाद नाही.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

स्विच, फ्यूज, बेल्ट, रोलर, कपॅसिटर यांपैकी काही असेल तर दुरुस्त करा, मशीन कितीही जुनं असो. मोटर किंवा बोर्ड असेल तर वय बघा. हीट पंपचा गॅसचा बंद भाग गळत असेल तर बहुधा परवडत नाही.

जुना ड्रायर दुरुस्तीला काढण्याआधी मॉडेल क्रमांक घालून तो कंपनीने परत मागवलेल्यांत आहे का, हेही बघा. ब्रिटनमध्ये व्हर्लपूलने हॉटपॉइंट, इंडेसिट वगैरे नावांनी विकलेल्या, २००४ ते २०१५ दरम्यान बनलेल्या ड्रायरांबाबत २०१५ मध्ये इशारा दिला होता आणि २०१९ मध्ये, सुधारणा न झालेली मशीनं परत मागवली. कारण तेच, जास्तीची लव हीटरपर्यंत पोहोचण्याचा धोका.

मेकॅनिकला फोन करताना काय सांगू?

मॉडेल क्रमांक, तो दाराच्या कडेला आतल्या बाजूस किंवा मागे चिकटवलेला असतो. पॅनेल लागतं की नाही. आवाज येतो का, कसा. ड्रम हाताने फिरवल्यावर जड, हलका की ठीक. स्क्रीनवर अक्षर-आकड्यांचा कोड दिसत असेल तर तो जसाच्या तसा. तुम्ही काय काय उघडून बघितलंत, हेही लपवू नका. एवढं फोनवर कळलं तर तो बरोबर भाग घेऊनच येतो आणि दुसरी फेरी टळते. तो येईपर्यंत प्लग काढलेला ठेवा, आणि ओले कपडे ड्रममध्ये राहिले असतील तर ते बाहेर काढून वाळत घाला.